प्रापंचिक कॅथलिकाचे काम नेमके कोणते?

यार्देनेच्या काठी योहान बाप्तिस्त्याकडे आलेल्या लोकांनी त्याला एकच प्रश्न फिरून फिरून विचारला : आम्ही काय करावे? लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात त्याची उत्तरे आहेत. ज्याच्याकडे दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदारांनी नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायांनी दमदाटी करून पैसे उकळू नयेत, कोणावर खोटा आळ घेऊ नये, मिळेल त्या पगारात भागवावे. कामधंदा सोडून माझ्याबरोबर अरण्यात या, असे त्याने यांपैकी कोणालाही सांगितले नाही. जकातदाराला जकात नाक्यावरच परतायचे होते. बदलायचे होते ते त्याचे माप.

प्रापंचिक कॅथलिकाची जबाबदारी समजून घेताना हा प्रसंग हाताशी ठेवावा. कारण ‘प्रापंचिकांचा सहभाग’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतात ती मिस्सेतली (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतली) वाचने, गायनवृंद, वर्गणी, सणाची सजावट आणि समित्यांच्या बैठका. ही कामे चांगली आहेत, कोणीतरी ती करायलाच हवीत. पण ख्रिस्तसभेची, म्हणजे कॅथलिक चर्चची, शिकवण नीट वाचली तर प्रापंचिकाचे मुख्य काम या यादीत सापडतच नाही. ते असते दुकानात, कार्यालयात, शेतात, वर्गात, स्वयंपाकघरात, मतदान केंद्रावर आणि दोन शेजाऱ्यांच्या भांडणात.

प्रापंचिक म्हणजे कोण?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या महासभेने, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्तसभेविषयीचा मूलभूत दस्तऐवज जाहीर केला. त्याच्या चौथ्या प्रकरणात प्रापंचिकाची व्याख्या आहे. ज्यांना गुरुदीक्षा मिळालेली नाही आणि ज्यांनी व्रतस्थ जीवन पत्करलेले नाही, असे बाप्तिस्मा घेतलेले सगळे कॅथलिक म्हणजे प्रापंचिक. परिषद एवढ्यावर थांबली नाही, हे फार बरे झाले. ‘धर्मगुरू नव्हे तो’ एवढीच ओळख राहिली असती, तर प्रापंचिक म्हणजे यादीतून उरलेला माणूस ठरला असता. त्याच परिच्छेदात पुढे सांगितले आहे की, जगाचे व्यवहार सांभाळत आणि ते देवाच्या योजनेनुसार घडवत देवाचे राज्य शोधणे, ही प्रापंचिकाची खास हाक आहे. पिठात मिसळलेले खमीर आतूनच काम करते, तसे.

मराठीत प्रपंच आणि परमार्थ ही जोडी आपण बहुधा एकमेकांसमोर उभी करतो : एकातून सवड मिळाली की दुसरा. परिषदेचे म्हणणे असे की प्रापंचिकाचा परमार्थ प्रपंचातच होतो. कामावरचे आठ तास म्हणजे प्रार्थनेचा बुडालेला वेळ नव्हे. त्याला पवित्र व्हायचे आहे ते तिथेच. या दस्तऐवजाचे पाचवे प्रकरण तर पावित्र्याचे आमंत्रण सर्वांनाच आहे, असे स्पष्ट सांगते. मठवासीयांसाठी एक पावित्र्य आणि संसारी माणसासाठी दुसरे, जरा हलके, अशी सोय ठेवलेली नाही.

पुढे १८ नोव्हेंबर १९६५ रोजी परिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेशपत्र काढले. १९८३ च्या कॅनन कायद्यात, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, २२४ ते २३१ ही कलमे प्रापंचिकांच्या हक्कांची आणि कर्तव्यांची आहेत. १९८७ साली याच विषयावर बिशपांची सिनड, म्हणजे सल्लासभा, भरली आणि ३० डिसेंबर १९८८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिच्या आधारे सविस्तर पत्र प्रसिद्ध केले. पुढे जे सांगितले आहे त्याचा बराचसा आधार यांतच आहे.

तेलाभ्यंगाने मिळालेल्या तीन जबाबदाऱ्या

बाळाच्या बाप्तिस्म्यात पाणी ओतून झाल्यावर धर्मगुरू त्याच्या टाळूला पवित्र तेल लावतात. त्या वेळच्या प्रार्थनेत ख्रिस्ताला याजक, संदेष्टा आणि राजा म्हटले आहे आणि बाळाने त्याचा अवयव म्हणून जगावे असे मागणे आहे. प्रापंचिकाची सारी भूमिका या तीन शब्दांत आहे. गैरसमजही याच तीन शब्दांभोवती होतात.

याजक म्हणजे अर्पण करणारा. प्रापंचिक वेदीवर उभा राहून मिस्सा अर्पण करत नाही. दीक्षित याजकपण आणि बाप्तिस्म्याचे याजकपण यांत फरक प्रकाराचा आहे, केवळ कमी-जास्त मात्रेचा नाही. त्यामुळे प्रापंचिक हा छोटा धर्मगुरू नव्हे. त्याचे अर्पण म्हणजे त्याचा आठवडा : केलेले काम, सोसलेला त्रास, मुलांचे संगोपन, विश्रांतीसुद्धा. अर्पणविधीत भाकरीविषयी म्हटले जाते की ती भूमीची उपज आहे आणि माणसाच्या हातांचे काम आहे. त्या क्षणी बहुतेक जण वर्गणीसाठी खिसा चाचपत असतात. एक साधी सवय लावून घ्यावी. चर्चला निघण्यापूर्वी गेल्या आठवड्यातली एकच ठोस गोष्ट ठरवायची, जसे की अडकलेले काम, आईचे दुखणे किंवा एखादा अपमान, आणि भाकरी उचलली जाताना ती तिथे मनाने ठेवायची. ‘माझे सर्व काही अर्पण’ असे मोघम म्हटले तर मन कशावरच ठरत नाही. म्हणून एकच गोष्ट. ‘मिस्सा’ हा शब्दही मुळात समारोपाच्या लॅटिन वाक्यातून आला आहे, आणि त्या वाक्यात लोकांना निरोप देऊन पाठवले जाते.

संदेष्टा म्हणजे सत्य सांगणारा. यासाठी चौकात उभे राहून उपदेश करावा लागत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात क्रम दिला आहे : तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. म्हणजे आधी जगणे असे हवे की कोणाला विचारावेसे वाटेल, आणि विचारल्यावर दोन वाक्ये सांगता यायला हवीत. दोन्हीकडे चूक होते. काही जण न विचारताच सांगत सुटतात. काही जण विचारले तरी ‘आमच्या घरात पहिल्यापासून आहे’ एवढे म्हणून विषय बदलतात.

राजा म्हणजे आधी स्वतःवर राज्य करणारा, म्हणजे राग, लोभ, जीभ ताब्यात ठेवणारा, आणि मग आपल्या हातात जेवढा अधिकार आहे तो सेवेसाठी वापरणारा. वर्गशिक्षकाकडे, मुकादमाकडे, सोसायटीच्या सचिवाकडेही अधिकार असतो. त्याच्या हाताखालच्या नियमात अन्याय असेल तर तो नियम बदलणे हे त्याचे बाप्तिस्म्याचे कर्तव्य आहे.

कामाच्या जागी

इथे विषय खरा अवघड होतो, म्हणून जरा थांबून पाहू.

कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात सातव्या आज्ञेखाली, म्हणजे ‘चोरी करू नको’ या आज्ञेखाली, कशाकशाचा समावेश आहे हे वाचून पुष्कळांना धक्का बसतो. अन्यायी मजुरी देणे, दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन भाव चढवणे, लाचलुचपत, संस्थेची सामाईक मालमत्ता खाजगी कामाला वापरणे, निकृष्ट काम करणे, कर चुकवणे, धनादेशात आणि बिलात फेरफार, अवाजवी खर्च आणि उधळपट्टी. निकृष्ट काम ही चोरी आहे, ही गोष्ट कितीदा पापनिवेदनात येते? मन न लावता तपासलेला पेपर, न वाचता सही केलेला अहवाल, ‘चालतंय’ म्हणून सोडलेला सांधा : पगार पूर्ण घेतला आणि काम अर्धे दिले, तर उरलेले कोणाचे तरी घेतले. म्हणून प्रापंचिकाचे पहिले प्रेषितकार्य म्हणजे आपले काम नीट येणे. डॉक्टरने औषधांचे ज्ञान ताजे ठेवणे, गवंड्याने ओळंबा लावून भिंत उचलणे हे त्याच्या भक्तीचाच भाग आहे.

मजुरीबाबतची शिकवण तर १८९१ पासून ठाम आहे. पोप तेरावे लिओ यांनी त्या वर्षी १५ मे रोजी काढलेल्या परिपत्रकात म्हटले की मालक आणि मजूर यांचे ठरले एवढ्याने मजुरी न्याय्य होत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे तिच्यात भागले पाहिजे. पोटासाठी माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो, म्हणून त्याचा होकार हा पुरावा नव्हे. हे फक्त कारखानदाराला लागू नाही. घरात कामाला कोणी असेल तर चार प्रश्न स्वतःला विचारावेत. ठरलेल्या तारखेला पैसे देतो का? आठवड्याची सुट्टी आहे का? आजारपणाच्या दिवसांचे पैसे कापतो का? आणि शेवटची वाढ कधी दिली?

सगळ्यात कठीण प्रश्न वेगळाच. चूक मी करत नाही, पण चूक करणाऱ्या व्यवस्थेत मी काम करतो. मग माझा वाटा किती? कॅथलिक नीतिशास्त्राने यासाठी एक चाळणी दिली आहे. ती अशी लावावी.

१. चूक नेमकी काय आणि ती कोण करतो, हे एका वाक्यात लिहून काढावे. ‘कंपनीचं काही खरं नाही’ ही भावना झाली. ‘विक्रीचे आकडे फुगवून बँकेला दिले जातात’ हे वाक्य झाले.

२. ती चूक घडावी असे मला वाटते का? वाटत असेल, तर माझा हात कितीही लहान असला तरी मी त्यात सामील आहे. हे कधीच चालत नाही.

३. माझी स्वतःची कृतीच ती चूक आहे का? खोटा आकडा लिहिणे, खोट्या दाखल्यावर सही करणे, गर्भपाताच्या शस्त्रक्रियेत भाग घेणे. ‘वरून आदेश होता’ याने इथे काहीही बदलत नाही.

४. माझे काम मुळात योग्य आहे, पण त्याचा उपयोग करून दुसरा चूक करतो, असे असेल तर अंतर मोजावे. माझे काम त्या चुकीच्या किती जवळ आहे? माझ्यावाचून ती अडेल का? मी राहण्याचे कारण, जसे की कुटुंबाचा एकमेव पगार, किती गंभीर आहे? आणि मी राहिल्याने इतरांना ‘यात काही गैर नाही’ असे वाटेल का? त्याच कंपनीच्या गोदामात माल रचणारा आणि हिशेबात आकडे बदलणारा एकाच मापाने मोजले जात नाहीत.

चाळणीतून तिसरा मुद्दा लागला, तर तोंडी वाद घालण्याआधी काही व्यवहारी गोष्टी कराव्यात. मिळालेली सूचना लेखी मागावी; अनेकदा एवढ्यानेच ती मागे घेतली जाते. आपली हरकत थोडक्या शब्दांत, आरोप न करता, लेखी नोंदवावी. दुसरे काम मागावे. आणि ही वेळ येण्याच्या खूप आधीपासून काही महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकावा. विवेकबुद्धीला ‘नाही’ म्हणायला बळ लागते, आणि त्यातले काही बळ बचत खात्यातूनच येते. कर्जाच्या हप्त्यांत गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाला प्रामाणिकपणा दुप्पट महाग पडतो.

सल्ला कोणाचा घ्यावा? तत्त्व धर्मगुरू सांगतील. पण प्रत्येक प्रश्नाचे तयार उत्तर पाळकांकडे असेलच असे प्रापंचिकांनी समजू नये, असे परिषदेनेच ७ डिसेंबर १९६५ च्या दस्तऐवजात लिहून ठेवले आहे. म्हणून आपल्याच पेशातला, विश्वासातला, वयाने थोडा मोठा असा श्रद्धावंत शोधावा. लेखापालाला लेखापालच नीट सांगू शकतो की कुठे नियमाची वाट आहे आणि कुठे फक्त पळवाट.

आधीच घेऊन झालेल्याचे काय? पापनिवेदनाने क्षमा मिळते, पण घेतलेले परत करण्याचे कर्तव्य संपत नाही. मालक जिवंत असेल तर त्याला, नसेल तर वारसांना. शोधूनही सापडत नसेल तर ती रक्कम गोरगरिबांना. परत करताना स्वतःचे नाव जाहीर करण्याची सक्ती नाही. पैसे पोचले पाहिजेत. ऐपत नसेल तर हप्त्याहप्त्याने.

आता जिभेचा, म्हणजे हल्ली बोटांचा, भाग. धर्मशिक्षण ग्रंथ तीन चुका वेगळ्या सांगतो : पुरेशा आधाराशिवाय मनातल्या मनात दुसऱ्याला दोषी ठरवणे, योग्य कारण नसताना त्याचा खरा दोष ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगणे, आणि खोटे बोलून त्याची बदनामी करणे. मधली चूक सर्वांत जास्त घडते, कारण ‘पण ते खरंच आहे’ हा बचाव तयार असतो. खरे असणे पुरेसे नाही. सांगण्याला कारण हवे. मोबाइलवर आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी दोनच प्रश्न पुरतात : हे खरे आहे हे मला कसे कळले, आणि हे समजण्याची या माणसांना काय गरज आहे?

गटाने काम करायचे असेल तर एक जुनी, साधी पद्धत आहे. बेल्जियममधील धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांच्या चळवळीत ती रुजवली आणि पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या परिपत्रकात तिची शिफारस केली : पाहा, पारखा, करा. सहा ते दहा जणांचा गट, दीड तास. पहिला अर्धा तास फक्त वस्तुस्थिती : काय घडले, कोणाला त्रास झाला, किती जणांना. दुसरा अर्धा तास शुभवर्तमानाचा एक उतारा आणि सामाजिक शिकवणीतला एक मुद्दा घेऊन पारख. शेवटी एक कृती, करणाऱ्याचे नाव आणि तारीख. बहुतेक गट पहिल्या पायरीवर घाई करतात आणि वस्तुस्थितीऐवजी मते मांडत बसतात. उरलेले गट तिसऱ्या पायरीवर ‘जागृती करू’ असे ठरवून उठतात. नाव आणि तारीख नसलेली कृती होत नाही.

घरात

लॅटिन परंपरेत विवाह संस्कार धर्मगुरू देत नाहीत. वर आणि वधू तो एकमेकांना देतात. धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालची दीक्षा मिळालेला सेवक) ख्रिस्तसभेच्या वतीने साक्षी असतात. हे लक्षात आले की लग्नाकडे बघण्याची दृष्टी बदलते. आयुष्यभर एकमेकांच्या बाबतीत संस्काराचे सेवक असलेली ही दोन माणसे आहेत. परिषदेने तर कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटले आहे.

मुलांच्या धर्मशिक्षणाची पहिली जबाबदारी आईवडिलांची आहे; कॅनन कायदा ते कर्तव्य म्हणूनही सांगतो आणि हक्क म्हणूनही. रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग मदतीला असतो. आठवड्याच्या एका तासाने घरात न दिसणारी श्रद्धा रुजत नाही.

घरच्या प्रार्थनेचे सांगायचे तर ती लहान ठेवावी. पाच ते सात मिनिटे, रोज, ठरल्या वेळी : क्रुसाची खूण, येत्या रविवारच्या शुभवर्तमानातली चार-पाच वाक्ये, प्रत्येकाचे एक आभाराचे आणि एक मागण्याचे वाक्य, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, आणि झोपण्यापूर्वी मुलाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस. ती बिघडते तीन कारणांनी. ती लांबते. दिवसभराची खरडपट्टी तिथे काढली जाते, म्हणजे ‘देवा, याला अभ्यासाची बुद्धी दे’ असे मुलासमोरच मागितले जाते, आणि मूल ते बरोबर ओळखते. किंवा आईच एकटी पुढे होते आणि वडील फोनमध्ये असतात. मोठ्यांनी चूक केल्यावर मुलांची माफी मागितली, तर क्षमेचा धडा तिथे अर्ध्या मिनिटात होतो.

धर्ममातापिता निवडतानाही घाई होते. कायद्यानुसार ती व्यक्ती साधारणपणे १६ वर्षे पूर्ण केलेली, दृढीकरण (बाप्तिस्म्याला पक्के करणारा संस्कार) झालेली, कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) घेतलेली, श्रद्धेने जगणारी कॅथलिक असावी आणि बाळाची आई किंवा वडील नसावी. दोन असल्यास एक पुरुष, एक स्त्री, एकही पुरतो. मानपानासाठी निवडलेला धर्मपिता फोटोपुरता येतो. बाळाला बारा वर्षांनंतर अवघड प्रश्न पडतील तेव्हा कोणाकडे जाता येईल, हा विचार करून नाव ठरवावे.

अविवाहित, विधवा-विधुर, घटस्फोटित, निवृत्त, अंथरुणाला खिळलेले हेही प्रापंचिकच आहेत, हे वारंवार विसरले जाते. आजाऱ्याचे सोसणे हे अर्पणच आहे, आणि एकट्या माणसाचा मोकळा वेळ म्हणजे इतरांनी गृहीत धरायचा साठा नव्हे.

एक गोष्ट प्रत्येकाला यायलाच हवी

मरणाचा खरा धोका असेल आणि धर्मगुरू वेळेत पोचू शकत नसतील, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. नर्स, आजी, शेजारी, अगदी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा. अट एकच : ख्रिस्तसभा जे करते तेच करण्याचा हेतू हवा. साधे स्वच्छ पाणी घ्यावे. मुलाच्या डोक्यावर ते तीनदा ओतावे, त्वचेवरून वाहील इतके, आणि ओततानाच म्हणावे : “मी तुला पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.” स्त्रीने ‘देते’ म्हणावे.

चुका कुठे होतात? एक जण पाणी ओततो आणि दुसरा शब्द म्हणतो. दोन्ही एकाच व्यक्तीने करायचे. पाणी फक्त केसांवर राहते. किंवा ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ म्हटले जाते. ही बाब बारीक वाटते, पण ऑगस्ट २०२० मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केले की ‘आम्ही’ म्हणून दिलेला बाप्तिस्मा वैध नाही, कारण तो जमलेल्या लोकांच्या नव्हे, ख्रिस्ताच्या वतीने दिला जातो. नंतर तारीख, जागा, देणाऱ्याचे आणि एका साक्षीदाराचे नाव लिहून धर्मग्रामात, म्हणजे आपल्या स्थानिक चर्चमध्ये, कळवावे. मूल वाचले तर पुन्हा बाप्तिस्मा होत नाही. राहिलेले विधी तेवढे चर्चमध्ये पूर्ण करतात.

धर्मग्रामात : काय करता येते, काय नाही

वाचक आणि वेदीसेवक या सेवा १९७२ पासून प्रापंचिकांसाठी खुल्या झाल्या, पण कायमची नेमणूक फक्त पुरुषांची होत असे. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती अट काढली. त्याच वर्षी १० मे रोजी धर्मशिक्षकाची स्वतंत्र सेवा स्थापन झाली. नेमणूक मिळाल्यास प्रापंचिक आजाऱ्यांना कम्युनियन नेऊ शकतो, शब्दविधी (मिस्सेविना वाचन-प्रार्थनेची उपासना) चालवू शकतो. मिस्सेतले प्रवचन मात्र धर्मगुरू किंवा डीकन यांचेच. पापनिवेदन ऐकणे आणि रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) फक्त धर्मगुरूंचे. आणि कोणाचे पापनिवेदन चुकून कानावर पडले, तर ऐकणाऱ्यावरही ते गुप्त ठेवण्याचे बंधन आहे.

पैशांबाबतचे नियम पुष्कळांना ठाऊक नसतात. प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असणे कॅनन कायद्याने बंधनकारक आहे. धर्मग्रामाच्या कार्याविषयी सल्ला देणारे पाळकीय मंडळ बिशपांनी ठरवल्यास असते आणि त्याचे मत सल्ल्यापुरते असते. विशिष्ट कारणासाठी दिलेली देणगी त्याच कारणासाठी वापरावी लागते, आणि लोकांनी दिलेल्या पैशांचा हिशेब लोकांना द्यायचा असतो. त्यामुळे हिशेब विचारणे म्हणजे बंडखोरी नव्हे. कलम २१२ सांगते की ख्रिस्तसभेच्या हिताविषयी आपले मत पाळकांना कळवणे हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, आणि कधीकधी कर्तव्यही. आदर, सर्वांचे हित आणि व्यक्तींची प्रतिष्ठा राखून. आधी प्रमुख धर्मगुरूंना एका पानाचे पत्र : काय घडले, कधी, काय अपेक्षित आहे. उत्तर नाही आले तर बिशपांना. निनावी पत्रक वाटल्याने मूळ प्रश्न मागे पडतो आणि पत्रक कोणी लिहिले याचीच चर्चा होते. मात्र लहान मुलाच्या लैंगिक शोषणाची शंका असेल तर या पायऱ्या चढत बसू नये. मुलाला सुरक्षित करावे, पोलिसांना कळवावे आणि धर्मप्रांताच्या तक्रार यंत्रणेलाही.

१९८८ च्या पत्रात दोन मोहांची नावे घेतली आहेत. एक, चर्चमधल्या सेवांत इतके गुंतायचे की नोकरी, समाज, संस्कृती, राजकारण यांतली जबाबदारी सुटते. दुसरा, श्रद्धा आणि जगणे यांची फारकत करून तिलाच रास्त ठरवायचे. पहिला मोह ओळखायला कठीण, कारण तो भक्तीच्या वेषात येतो. रोज संध्याकाळी चर्चच्या बैठकीला जाणाऱ्या माणसाच्या घरी मुले वाट पाहत असतील, तर त्याने एक समिती सोडावी. धर्मगुरूंनीही त्याला आनंदाने सोडावे.

समाजात आणि राजकारणात

धर्मगुरूंना शासकीय सत्ता चालवण्याची पदे घेण्यास कॅनन कायदा मनाई करतो. म्हणजे हे क्षेत्र प्रापंचिकांसाठी राखून ठेवले आहे, असेच म्हणायला हवे. मत देणे, कर भरणे, निवडणूक लढवणे, कामगार संघटनेत किंवा शाळेच्या पालक समितीत बसणे ही त्यांची कामे. कलम २२७ यात दोन गोष्टी एकत्र सांगते : नागरी बाबतीत इतर नागरिकांइतकेच स्वातंत्र्य प्रापंचिकाला आहे, आणि ज्या प्रश्नावर दोन मते असू शकतात तिथे स्वतःचे मत ख्रिस्तसभेची शिकवण म्हणून खपवू नये. माणसाच्या जिवाचे मोल, गरिबाचा हक्क, सचोटी यांवर तडजोड नाही. पण कोणती योजना, किती कर, कोणता पक्ष यावर दोन चांगले कॅथलिक एकमेकांविरुद्ध मत देऊ शकतात. दोघांनी रविवारी एकाच रांगेत कम्युनियन घ्यावे.

इतिहासात यासाठी मोठी किंमत दिलेले प्रापंचिक आहेत. इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर राहिलेले थॉमस मोर यांनी राजाचे चर्चवरील वर्चस्व मान्य केले नाही; ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. ऑस्ट्रियातील शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर यांनी हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिला आणि ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांना देहदंड झाला. पत्नी आणि लहान मुली मागे राहिल्या. २००७ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. पण सगळ्यांच्या वाट्याला असे येत नाही. नेपल्सचे डॉक्टर जुझेप्पे मोस्काती रोज सकाळी मिस्सा, मग रुग्णालय, मग घरी रोगी, असे जगले. गरिबांकडून पैसे घेत नसत. १२ एप्रिल १९२७ रोजी दुपारी घरी रोगी तपासता तपासताच त्यांना बरे वाटेनासे झाले आणि आरामखुर्चीत त्यांनी प्राण सोडला. १९८७ मध्ये प्रापंचिकांवरील सिनड चालू असतानाच त्यांना संत म्हणून घोषित करण्यात आले.

रोजची दहा मिनिटे

हे सारे पेलायला लागणारे बळ संस्कारांतून आणि प्रार्थनेतून येते. किमान मर्यादा ख्रिस्तसभेने ठरवून दिली आहे : रविवारची आणि बंधनकारक सणांची मिस्सा (आदल्या संध्याकाळची चालते), वर्षातून एकदा तरी पापनिवेदन, पुनरुत्थान (ईस्टर) काळात कम्युनियन, नेमलेले उपवास, आणि ऐपतीप्रमाणे मदत. पोटाच्या उपवासाचा नियम १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ पूर्ण झाल्यापासून. ही किमान मर्यादा आहे. तिच्यावर आयुष्य उभे राहत नाही.

त्यात भर घालायची तर संत इग्नाशियस यांनी शिकवलेले दिवसाचे आत्मपरीक्षण नोकरी-संसार असलेल्यांना सगळ्यात सोसवते. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात रोज तासभर प्रार्थना ठरवून दुसऱ्या आठवड्यात सगळेच सोडण्यापेक्षा ही दहा मिनिटे धरावीत. झोपण्याच्या अगदी आधी नको, डोळे मिटतात. जेवणानंतर किंवा घरी परतण्याच्या प्रवासात बरे. आधी दिवसातल्या दोन-तीन गोष्टींबद्दल आभार, नाव घेऊन. मग दिवस खरा दिसावा म्हणून पवित्र आत्म्याकडे उजेड मागणे. त्यानंतर सकाळपासून तासातासाने दिवस पुढे सरकवत पाहणे : कुठे देवाच्या जवळ होतो, कुठे लांब गेलो, कोणाशी बोलताना आवाज चढला. निम्मा वेळ यालाच द्यावा. जिथे चुकले तिथे क्षमा. शेवटी उद्याच्या दिवसातली एकच गोष्ट ठरवायची. ‘चांगले वागेन’ असे ठरवू नये, कारण ते उद्या रात्री तपासता येत नाही. ‘दुपारी जेवणाच्या सुट्टीत भावाला फोन करीन’, ‘त्या बिलावरचा आकडा दुरुस्त करून घेईन’ असे काहीतरी, वेळेसकट.